रंग, रोगण आणि अब्बांची रेहल

अब्बा मुंबईत एका फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचे काम करत. संध्याकाळी घरी आले की मगरिबची अजान व्हायच्या आत त्यांचा एक ठरलेला कार्यक्रम असे. बाटलीतले थोडे स्पिरिट फडक्यावर घ्यायचे, बोटे आणि नखे घासून काढायची, मग साबण, मग वुझू. नखांवर बसलेली लाख निघाल्याशिवाय पाणी आतपर्यंत पोहोचत नाही आणि वुझू पुरा होत नाही, म्हणून हा खटाटोप. मी आठ-नऊ वर्षांची असेन. एकदा विचारले, "अम्मीच्या हातावर तर मेंदी आहे. मग तिचा वुझू कसा होतो?" अब्बा म्हणाले, "बेटा, मेंदी आत मुरते, लाख वर बसते. मेंदीच्या हाताला पाणी लागतं, लाखेच्या हाताला लागत नाही."

पुढे बी.एड.ला 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे अध्यापनाचे सूत्र पाठ केले, तेव्हा अब्बा आठवले होते. मेंदी आणि नेलपॉलिश यांतला फरक आपल्या घरातल्या प्रत्येक मुलीला ठाऊक असतो. लाकूड रंगवायला निघालेल्या माणसाला मात्र तो बहुधा ठाऊक नसतो. मलाही, पॉलिशवाल्याची मुलगी असून, ऐन वेळी आठवला नाही.

अब्बा गेले त्याला तीन वर्षे झाली. त्यांच्या मागे राहिलेल्या वस्तूंत एक रेहल आहे. आजोबांच्या वेळची, सागाची, एकाच फळीतून कापलेली. ज्यांनी अशी रेहल हाताळली नसेल त्यांच्यासाठी सांगते: कुरआन शरीफ वाचताना जमिनीवर ठेवू नये म्हणून ही घडीची घोडी असते. जाड फळी दोन्ही टोकांकडून तिच्या जाडीतून चिरत आणतात आणि मधे एकमेकांत अडकलेली बोटे कोरतात. खिळा नाही, बिजागरी नाही, सरस नाही. उघडली की फुलीसारखी उभी राहते, मिटली की पुन्हा फळी. आमच्या रेहलीचा एक पाय घर बदलताना तुटला. सुताराने नव्या सागाचा तुकडा जोडून दिला आणि काम झाकपाक केले, पण जुने लाकूड गडद मधाच्या रंगाचे आणि नवा पाय फिकट पिवळा. रंग जुळवायला हवा होता.

तालुक्याच्या दुकानात गेले. मुलाने काउंटरवर पाच-सहा डबे मांडले: वॉलनट, रोझवुड, महोगनी, टीक. "मॅडम, कुठला शेड?" लाकूड कुठले आहे, नवे की जुने, वर आधी काय लावले आहे, यातले काहीच त्याने विचारले नाही. मीही सांगितले नाही. डब्यावरचे चित्र पाहून वॉलनट घेतला आणि घरी येऊन सबंध रेहलीला फासला. तिसऱ्या दिवशीही हात लावला की बोट चिकटत होते. जुन्या भागावर रंग चिखलासारखा बसला होता. नव्या पायात तो इतका शिरला की पाय कॉफीसारखा झाला, आणि जिथे लाकूड आडवे कापले होते ते टोक तर काळेठिक्कर पडले.

अब्बांबरोबर काम केलेले एक चाचा आता आमच्याच भागात राहतात. रेहल त्यांच्यापुढे ठेवली. ते रागावले नाहीत. खालच्या बाजूला, जिथे माझा ब्रश पोहोचला नव्हता, तिथे त्यांनी स्पिरिटचा एक थेंब सोडला, मिनिटभर थांबले आणि बोट टेकवले. बोट चिकटले. "चपडा आहे," म्हणाले. "तुझ्या आजोबांच्या वेळचा. त्याच्यावर तेलाचा रंग मुरणार कसा? तू मेणकापडावर मेंदी लावलीस."

त्या एका थेंबामुळे मी पुढचे काही महिने पुस्तकांत शिरले. जे सापडले ते इथे मांडते आहे, कारण कुठल्या लाकडाला कुठला रंग, या प्रश्नाचे उत्तर डब्यावर लिहिलेले नसते. ते त्या लाकडाच्या आणि त्या रंगाच्या इतिहासात असते, आणि त्यातला बराचसा इतिहास आपल्याच भागातला आहे.

आधी लाकूड, कारण दुकानात त्याच्याविषयीच कुणी विचारले नाही. साग हा शब्द संस्कृत 'शाक' वरून आला. अरबीत याच लाकडाला 'साज' म्हणतात. बुखारी शरीफमध्ये मस्जिद-ए-नबवीच्या बांधकामाची हकीकत आहे. हुजूर (स.) यांच्या काळात तिचे छप्पर खजुरीच्या झावळ्यांचे आणि खांब खजुरीच्या बुंध्यांचे होते. तिसरे खलीफा हजरत उस्मान (र.) यांनी हिजरी २९ मध्ये, म्हणजे इ.स. ६४९-५० च्या सुमारास, मशीद वाढवली तेव्हा खांब कोरीव दगडाचे केले आणि छप्पर साजचे घातले. अरबस्तानात साग उगवत नाही. तो समुद्रावरून आला. हा व्यापार इस्लामच्याही आधीचा. इ.स.च्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशी-ग्रंथात भडोचहून इराणच्या आखाताकडे जाणाऱ्या मालात साग, शिसम आणि आबनूस यांची नोंद आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी अल-मसऊदी हा इतिहासकार आपल्या चौलला येऊन गेला. त्याने त्याला 'सैमूर' म्हटले आहे, आणि तिथली मुसलमान वस्ती मोठी असल्याचे लिहिले आहे. कोकणातल्या आम्हा लोकांचे पूर्वज व्यापारी होते असे आम्ही अभिमानाने सांगतो. गलबतात काय भरले जाई हे मात्र क्वचितच सांगतो.

ट्युनिशियातल्या कैरवानच्या मोठ्या मशिदीत इ.स. ८६२-६३ च्या सुमाराचा मिंबर अजून उभा आहे. जगात टिकून राहिलेल्या मिंबरांत तो सर्वांत जुना मानला जातो. तीनशेहून अधिक कोरीव तुकडे जोडून केलेला, आणि सागाचा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात हिजरी ७६१ म्हणजे इ.स. १३६० ची एक रेहल आहे, हसन बिन सुलेमान इस्फहानी या कारागिराची. तीही सागाची: कोरलेली, रंगवलेली, जडावाची. तिचे छायाचित्र पाहिले तेव्हा मी आमची रेहल शेजारी आणून ठेवली. आमच्या रेहलीवर कोरीवकाम काहीच नाही, दोन वेली तेवढ्या आहेत. पण सांधा तोच.

हे सगळे सांगायचे कारण असे की सागात स्वतःचे तेल असते. वाळवी त्याला सहसा तोंड लावत नाही ती त्याच्या अंगच्या अशा द्रव्यांमुळेच. टिकण्यासाठी सागाला रंगाची गरज नसते. उलट ते तेल वरून लावलेला रंग आणि वार्निश नीट धरू देत नाही, वाळायला उशीर लावते. म्हणून जाणता कारागीर नव्या सागाला काही लावण्याआधी स्पिरिट किंवा थिनरच्या फडक्याने पुसून घेतो. आंब्याच्या फळीचे तसे नाही. ती पाणी पिते तसा रंग पिते, आणि जागोजागी कमीजास्त पिते, म्हणून डाग पडल्यासारखी दिसते. पाइनचेही तेच. अशा लाकडाला आधी पातळ चपड्याचा एक हात देऊन मग रंग लावला तर तो सारखा बसतो. शिसवीला रंग लावणे हा मला तरी अपराध वाटतो. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवीचे कोरीव फर्निचर बनत असे, ते इंग्रजांत 'बॉम्बे ब्लॅकवुड' म्हणून प्रसिद्ध होते. त्यातला काळेपणा मुळात लाकडाचाच.

आता लाख. वर्गात दरवर्षी एखादा मुलगा विचारतोच, "टीचर, लाख रुपये आणि लाखेच्या बांगड्या, दोन्ही लाख एकच का?" एक 'लक्ष' वरून आला, दुसरा 'लाक्षा' वरून, मराठीत येईपर्यंत दोघांचे रूप एक झाले. लाक्षागृहाची गोष्ट मुलांना माहीत असते, त्यामुळे लाख पेटते हे सांगावे लागत नाही. ती कुठून येते हे सांगावे लागते. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक बारीकसा किडा वस्ती करतो, रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेसारखे कवच बांधतो. विदर्भात गोंदियाकडे लाखेचा धंदा बराच जुना आहे. फांदीवरून खरवडलेली ही लाख धुतली की दोन गोष्टी वेगळ्या होतात: लाल पाणी आणि राळ. पाणी म्हणजे रंग, राळ म्हणजे रोगण. अब्बांनी सांगितलेला फरक किड्याच्या त्या एका थेंबात भरलेला असतो.

पूर्वी मान होता तो लाल पाण्याला. बायकांच्या पायाचा अळिता त्याचाच. 'पेरिप्लस'मध्ये आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या बाजूने आफ्रिकेकडे जाणाऱ्या मालात रंगीत लाखेचे नाव आहे. अरबीत 'लक्क', फारसीत 'लाक', पोर्तुगीजांत 'लाक्रे', इंग्रजीत 'लॅकर': शब्द आपल्याकडून गेला आणि डब्यावर छापून परत आला. ईस्ट इंडिया कंपनीनेही या लाल रंगाचा व्यापार केला, तो विलायतेत लोकर रंगवायला जाई.

राळेचा उपयोग आपल्याकडे निराळ्या रीतीने होत असे. १५९० च्या आसपास अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त बादशाही बांधकामाच्या सामानाचा हिशेब दिला आहे. तो इतका बारीक आहे की बहात्तर जातींच्या लाकडांची वजनेही त्याने नोंदवली आहेत. तिथेच चिकांच्या पडद्यांना लावायच्या लाखेची कृती आहे: लाल हवी तर चार शेर लाखेला एक शेर हिंगूळ, पिवळी हवी तर चार शेर लाखेला एक शेर हरताळ. आज कुणी करून पाहू नये, हिंगुळात पारा असतो आणि हरताळात सोमल. पण कृतीचा अर्थ लक्षात घ्या. इथे रंग लाकडात मुरवलेला नाही, तो राळेत कालवून वर बसवला आहे. आज दुकानात 'रंग आणि पॉलिश एकाच डब्यात' म्हणून जे मिळते ते याच जातीचे. सोयीचे असते, पण ओरखडा पडला की खालचे पांढरे लाकूड दिसते, कारण आत काही गेलेलेच नसते.

याच सुमारास, १५८३ ते १५८८, लिन्शोतेन नावाचा एक डच तरुण गोव्यात होता. त्याच्या १५९६ साली छापलेल्या प्रवासवर्णनात आपल्याकडचे कातारी लाख कशी चढवत ते आहे. कातावर लाकूड फिरते आहे, कारागीर त्यावर लाखेची कांडी धरतो, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडाला चिकटते, मग रुंद वाळलेल्या पातीने घासून तिला चकाकी आणतात. कर्नाटकात चन्नपट्टणच्या खेळण्यांना अजून असाच हात मिळतो, तिथे केवड्याच्या जातीचे पान वापरतात. टिपू सुलतानने इराणी कारागीर आणवून तिथे हे काम सुरू केले असे परंपरेने सांगतात. सावंतवाडीची खेळणी तर आपल्या घरचीच. या साऱ्यात एक द्रव कुठेच नाही: स्पिरिट. लाख उष्णतेने वितळवायची, ही आपली रीत.

स्पिरिटमध्ये लाख विरघळवून ती थंडच, ब्रशने किंवा बोळ्याने लावायची, ही रीत युरोपची. १६८८ साली ऑक्सफर्डमध्ये स्टॉकर आणि पार्कर या दोघांचे एक पुस्तक छापले गेले. जपानी आणि हिंदी चकाकी घरच्या घरी कशी आणावी हे शिकवणारे, हौशी लोकांसाठी. त्यात दाणा-लाखेच्या आणि चपड्याच्या वार्निशांच्या कृती आहेत. घरगुती हौस म्हणून लाकूड रंगवणाऱ्यांचे ते आद्य पुस्तक म्हणायला हरकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये ही कला बोळ्यावर आली, मलमलीत बांधलेला कापूस, त्यात चपडा-स्पिरिट, वर तेलाचे बोट, आणि गोलगोल हात. ती 'फ्रेंच पॉलिश' होऊन इंग्रजांबरोबर मुंबईत आली. किडा आपला, झाड आपले, नाव फ्रेंच. अब्बा तिला नुसते 'पालिस' म्हणत.

आणि चपडा बनवणारे हात कुणाचे? मिर्झापूरसारख्या ठिकाणी धुतलेली दाणा-लाख लांबच लांब कापडी पिशवीत भरत, कोळशाच्या भट्टीसमोर धरून पिशवी पिळत. वितळलेली लाख गाळून बाहेर पडे. ती गरम असतानाच एक कारागीर दोन्ही हातांनी, पायांनी आणि दातांनी धरून चादरीसारखी ताणे, आणि थंड झाली की तिचे पापुद्रे मोडत. तो चपडा. पॉलिशवाले जिला चपडा म्हणत त्याच लाखेच्या, दगडाची भुकटी घालून केलेल्या, ग्रामोफोनच्या तबकड्या होत्या. गौहर जानने १९०२ मध्ये कलकत्त्यात गाणी ध्वनिमुद्रित केली ती लाखेवरच उमटून घराघरात गेली. लाखेला इतके महत्त्व आले की १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुमला तिच्यासाठी खास संशोधन संस्था उभी राहिली.

तोवर लाल पाण्याचा बाजार मात्र बसला होता. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलाच्या हातून, मलेरियावरचे औषध बनवण्याच्या खटपटीत, कोळशाच्या डांबरातल्या द्रव्यापासून जांभळा रंग निघाला. त्याच्यामागून अशा रंगांची रांगच लागली. लाखेचा लाल रंग गटारात जाऊ लागला आणि उरलेली राळ सोन्याच्या भावाची ठरली. लाकडाच्या कामातही हे नवे रंग आले. पुडीतली चिमूट पाण्यात टाकली की पाण्याचा रंग, स्पिरिटमध्ये टाकली की स्पिरिटचा. अब्बांच्या पेटीत अशा पुड्या असत, त्यांची बोटे कधी पिवळी तर कधी तपकिरी. त्या दिवशी मात्र स्पिरिट घासूनही रंग जात नसे आणि ते निवांत वुझूला बसत. रंग आत गेलेला होता.

शेडची नावे तेव्हापासूनचीच इंग्रजी दिवाणखान्यातली. महोगनी अमेरिकेकडची, वॉलनट म्हणजे अक्रोड. आपण कोकणातल्या सागाला अक्रोडासारखा दिसायला लावतो. मी तेच केले होते.

तेलाचा इतिहास थोडक्यात सांगते. मराठीतला 'रोगण' हा शब्द फारसी 'रौगन', म्हणजे तेल. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते, तिळाचे किंवा खोबरेल तसे होत नाही. म्हणून लाकडाला खोबरेल लावणाऱ्यांचे फर्निचर महिनोन्महिने तेलकट राहते. इराणात जवसाच्या तेलात संदरूस नावाची राळ शिजवून रोगण करीत, ते धनुष्याला लावत म्हणून त्याचे नाव 'रौगन-ए-कमान'. पुढे तेच रोगण कलमदान आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर आले. आपल्याकडचे जुने रंगारी 'चंद्रस' म्हणतात त्यात मला हा संदरूसच दिसतो, चंद्राचा आणि त्याचा काही संबंध नसावा. आजच्या तेलाच्या रंगात, म्हणजे माझ्या त्या डब्यात, बारीक माती किंवा रंगाची भुकटी तेलात कालवलेली असते. ती लाकडाच्या छिद्रांत बसते, सावकाश वाळते, म्हणून सारखी करायला वेळ मिळतो. नवशिक्या माणसाला उघड्या, कोऱ्या लाकडासाठी हीच सोपी. दहा-पंधरा मिनिटांनी जास्तीचा रंग पुसून काढायचा असतो, तेही मी केले नव्हते. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगते: जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

उरले पाणी. हे सर्वांत जुने आणि माझ्या धंद्याला सर्वांत जवळचे. हिरड्याच्या काढ्यात हिराकस टाकला की काळी शाई होते. 'शाई' हा शब्द 'सियाही' वरूनच आला, म्हणजे काळेपणा. हिरड्यात तुरट द्रव्य असते, हिराकसात लोह. दोघे भेटले की काळे. लाकडातही तेच तुरट द्रव्य असते, कशात कमी, कशात जास्त. बाभळीच्या फळीवर हिराकसाचे पाणी फिरवले तर ती डोळ्यांदेखत काळवंडते. ओल्या फळीत ठोकलेल्या लोखंडी खिळ्याभोवती काळा डाग पडतो तोही त्यातलाच प्रकार. ज्या शाईने कातिब लिहीत, तीच कृती सुताराकडे लाकूड काळे करायला होती. आणि खैराचा काथ: पाण्यात उकळला की तांबूस तपकिरी रंग, विड्यातला तोच. पाण्याच्या रंगाचा दोष एकच, पाणी लागले की लाकडाचे तंतू उभे राहतात आणि हाताला खरखरीत लागते. त्याला उपाय, आधी नुसत्या ओल्या फडक्याने लाकूड पुसून वाळू द्यायचे, बारीक काचपेपर फिरवायचा, मग रंग द्यायचा. स्पिरिटच्या रंगाने तंतू फारसे उठत नाहीत, पण तो इतका झटकन वाळतो की ब्रश जिथे एकावर एक आला तिथे पट्टा उमटतो. छोट्या वस्तूला तो ठीक, कपाटाच्या दाराला नवख्या हाताने लावू नये. शिवाय पुडीतले पुष्कळ रंग उन्हात विटतात. खिडकीजवळच्या वस्तूला मातीचे रंग, गेरू-पिवडीसारखे, बरे.

स्पिरिटविषयी काही वाचकांच्या मनात प्रश्न येईल, चाचांनाही तो अनेकांनी विचारला आहे: स्पिरिट म्हणजे अल्कोहोल, मग ते रेहलीला, मशिदीच्या मिंबराला चालते का? उलेमांत यावर मते वेगवेगळी आहेत. कारखान्यात बनणाऱ्या, पिण्याच्या कामाच्या नसलेल्या अल्कोहोलला बाहेरच्या वापरासाठी अनेकांनी परवानगी दिली आहे, काहींनी टाळायला सांगितले आहे. ज्यांना मन घट्ट होत नाही त्यांच्यासाठी जवसाचे तेल आणि मेण हा मार्ग मोकळा आहे, आणि सागावर तो सुंदर दिसतो. चाचा एवढेच म्हणतात की स्पिरिट उडून जाते, लाख राहते. फतवा देणे आपले काम नाही, असेही लगेच म्हणतात. स्पिरिट विषारी असते आणि भडकन पेटते. खिडक्या उघड्या ठेवा, चूल-गॅसपासून लांब बसा.

रेहलीचे काय झाले ते सांगते. माझा वॉलनट आम्ही काढून टाकला, आधी टर्पेंटाइनने, मग स्पिरिटने. त्याबरोबर आजोबांच्या वेळचा चपडाही गेला. तेवढे मात्र जीवाला लागले. तो थर कुणी दिला होता हे सांगणारे आता कुणी नाही. अब्बांनीच तरुणपणी दिला असेल असे अम्मीला वाटते. खाली निघाले ते लाकूड आपसूक मधाच्या रंगाचे होते, त्यात मुरवलेला रंग काहीच नव्हता. इतकी वर्षे मी ज्याला रंग समजत होते तो सागाचा आणि वयाचा होता.

मग रंग हवा होता तो फक्त नव्या पायाला. कॉफीचा थर सुताराने रंध्याने अलगद उतरवला. चाचांनी काथाचे पाणी केले, अगदी पातळ, आणि त्याच सागाच्या एका चिप्पीवर आधी लावून पाहिले. ओले असताना दिसतो तो रंग धरायचा नाही, वाळल्यावर दिसतो तोही नाही. वर चपड्याचा हात दिल्यावर दिसतो तो धरायचा, हे त्यांनी मला तीनदा दाखवले. तीन चिप्प्या झाल्या, चौथी पटली. आडव्या कापलेल्या टोकाला रंग लावण्याआधी पातळ चपड्याचा हात दिला, म्हणजे ते जास्त पिणार नाही. मी लगेच पॉलिशही करू म्हटले, तर त्यांनी आभाळाकडे बोट दाखवले. जुलै चालू होता. कोकणातल्या पावसाच्या दमट हवेत चपडा लावला तर तो दुधाळ, पांढरट पडतो. नवरात्रीच्या सुमारास हवा कोरडी होईपर्यंत रेहल मलमलीत गुंडाळून कपाटावर ठेवली.

चपडा सगळीकडे चालतो असे नाही. चहाचा गरम कप ठेवला की त्यावर पांढरी गोल खूण उमटते. जेवणाच्या टेबलाला, स्वयंपाकघरातल्या फळीला मी आज पीयूच सुचवेन, आणि चाचाही कुरकुरत का होईना तेच सुचवतात. पण रेहलीवर कुणी चहा ठेवत नाही. शिवाय चपडा कधीही स्पिरिटने उतरवून पुन्हा देता येतो. पीयू काढायचा तर लाकूडच तासावे लागते. आमच्या रेहलीचा पाय पुढे कधी पुन्हा तुटला, तर ज्याच्या हाती ती असेल त्याला एक थेंब टाकून कळेल, वर काय आहे ते.

ऑक्टोबरात मी स्वतः बोळा हातात घेतला. अब्बांनी मला हे काम कधी शिकवले नव्हते, मुलीचे काम नाही म्हणून. चार दिवस, रोज दोन पातळ हात. नवा पाय जवळून पाहिला तर अजून किंचित तांबूस दिसतो. चाचा म्हणाले, साग उजेडात हळूहळू बदलतो, राहू दे. त्या संध्याकाळी अजान झाली तेव्हा माझ्या नखांवर लाख होती. बाटलीत थोडे स्पिरिट उरले होते, फडके शोधायला उठले.